पितळी गडवा, एक

वामनरावांनी परात उचलली, पालथी केली आणि दारातल्या उजेडाकडे धरून काठावरचं नाव वाचलं.

"मारोतराव."

परात त्यांनी डावीकडे ठेवली. मग गंज उचलला. मग पिठाचा डबा. मग एकात एक बसवलेल्या वाट्या सुट्या करून एकेक पाहिली.

"मारोतराव. मारोतराव. हेबी मारोतरावच."

वामनराव दिवाणी कोर्टाचे बेलिफ होते. वॉरंटचा कागद त्यांनी मांडीखाली दाबून ठेवला होता, कारण पंखा नव्हता तरी बोळीतून वारा येत होता. मारोतरावांची भांडी त्यांच्या डावीकडे रचली जात होती. उजवीकडची फरशी पुसून मोकळी ठेवली होती. तिथं मारोतरावांच्या मयत बायकोच्या, प्रयागबाईच्या वस्तू यायच्या होत्या. अजून एकही आली नव्हती.

"मारोतराव, तुमचं नाव एवढ्या जागी लिहून हाय गा," शेजारचे चंपतराव म्हणाले. त्यांना पंच म्हणून बसवलं होतं. दुसरा पंच कोपऱ्यावरचा पानवाला होता आणि त्याचं सगळं लक्ष आपल्या ठेल्याकडे होतं. "कोन्या पुढाऱ्याचंबी नसंन. इलेक्शनले उभे राहा तुमी."

कोणी हसलं नाही. चंपतरावांनाही ते बोलून झाल्यावर बरं वाटलं नाही. ते चष्मा पुसत बसले.

सावकाराचा माणूस ओमप्रकाश उंबऱ्यातच उभा होता. त्याने चपला काढल्या नव्हत्या.

"सगळ्याले एकच नाव?" तो म्हणाला. "बाई काय पाहुनी होती का या घरात? तीस साल राहिली न एक चमचाबी तिचा नाही?"

मारोतराव भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी वर पाहिलं नाही. पायाच्या अंगठ्याने ते फरशीच्या सांध्यातली माती उकरत राहिले.

"भाऊ, तोंड सांभाळून बोला," आतून पुष्पलता म्हणाली. ती मारोतरावांची मुलगी. आईच्या तेरवीला वर्ध्याहून आली होती, ती अजून गेली नव्हती. "माह्या मायचं नाव काढाचं काम नाही."

"नाव कुठी काढलं बाई मी? नावच तं भेटून नाही राहिलं."

कर्ज प्रयागबाईच्या नावाचं होतं. ज्या वर्षी मिल बंद पडली त्या वर्षीचं. मिलच्या माणसाला तेव्हा नागपुरात कोणी उधार देत नव्हतं. पण सावकार शेठजींच्या घरी दर उन्हाळ्यात प्रयागबाईच शेवया करायला जायची. तिचा हात शेठाणीला ठाऊक होता. "मारोतले नाही, तुले देतो," असं शेठजी म्हणाले आणि तिने अंगठा दिला. त्या पैशाचे गहू आले, तूरडाळ आली, पुष्पलताच्या लग्नाचं उरलेलं देणं गेलं. पुढे मिल सुरू झाली, बंद झाली, पुन्हा सुरू झाली. ती शेवया, पापड, मूंगवड्या विकून फेडत राहिली. मग तिच्या पोटात दुखायला लागलं आणि फेड थांबली. शेठजींनी दावा लावला. हुकूमनामा झाला तेव्हा ती मेडिकलच्या वॉर्डात होती. वसुलीचा कागद घरी आला तेव्हा ती नव्हती.

कागद घेऊन मारोतराव युनियनच्या केशव वकिलांकडे गेले होते. वकिलांनी तो दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मारोतराव, तुम्ही घाबरू नका. कायदा तुमच्या बाजूचा आहे. कर्ज बाईचं होतं. बाई गेली. आता फक्त तिच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतून वसुली होऊ शकते. तुमच्या पगारातून नाही, तुमच्या सामानातून नाही. घरात तिचं काय आहे?"

मारोतराव एकेक वस्तू आठवत गेले. गळ्यातलं सोनं आजारपणात गेलं. काळे मणी तिच्याबरोबर गेले. दोन लुगडी पुष्पलताने घेतली, एक नेताना तिच्या अंगावर घातलं, एक पापड लाटायला येणाऱ्या बाईला दिलं. चपला दारात होत्या, त्या कुत्र्याने नेल्या.

"भांडी हाय," ते म्हणाले.

"भांड्यांवर नाव कोणाचं?"

"माहं."

"मग झालं!" वकील म्हणाले. "याच्याहून मोठा पुरावा नाही. बेलिफ येईल, नावं वाचेल, आणि तुम्ही लिहून द्यायचं की मयत बाईची कोणतीही चीजवस्तू या घरात नाही. वॉरंट कोरं परत जाईल. शेठजी काही करू शकत नाही."

फी घेतली नाही. दारापर्यंत सोडायला आले. मारोतरावांनी त्यांना हात जोडले. पायऱ्या उतरताना मात्र त्यांना आपण काही तरी तिथंच विसरलो असं वाटत राहिलं, आणि खालच्या पायरीवर त्यांनी छत्री, पिशवी, टोपी, सगळं चाचपून पाहिलं होतं. सगळं होतं.

"पानी भेटंन का?" वामनरावांनी विचारलं.

मारोतराव उठले. माठावरच्या झाकणीवर पितळी गडवा पालथा ठेवलेला असे. तो भरून त्यांनी पुढे केला. वामनराव मान वर करून, गडवा तोंडाला न लावता पाणी प्यायले. उरलेल्या पाण्याने हात ओले करून तोंडावर फिरवले. मग सवयीने त्यांनी गडव्याचा गळाही उजेडाकडे फिरवला. अक्षरं घासून घासून बारीक झाली होती.

"मारोतराव," ते म्हणाले आणि गडवा डावीकडे ठेवला.

दारातला उजेड हळूहळू उंबऱ्यापर्यंत मागे सरला. माळ्यावरची भांडी उरली होती. पुष्पलताने शिडी लावली, तेवढ्यात वामनरावांनी बाहेर पाहिलं आणि कागद गोळा करायला सुरुवात केली.

"काय झालं?" ओमप्रकाश म्हणाला.

"दिवस बुडाला."

"बुडाला तं बुडाला. लाइट हाय ना घरात. लावा बटन."

"लाइटचा सवाल नाही गा. दिवस बुडाल्यावर कोनाच्या घरात जप्ती करता येत नाही. कायदा हाय. आता उद्या सकाळी."

"कमाल हाय राव. कर्ज घेनाऱ्याच्या झोपेचीबी फिकर सरकारले. न देनाऱ्याची कोनाले नाही."

"शेठजीले सांगा, सरकारले अर्ज करा म्हनावं."

जाताना वामनराव दारात थांबले. वयाने ते मारोतरावांएवढेच असतील. त्यांनी आवाज खाली आणला.

"तुमचं काम झालं समजा. माळ्यावरबी तुमचंच नाव असंन. उद्या तेवढं पाहतो, एक बयान लिहितो, त्यावर सही करा. मयताचं काहीच नाही म्हनून. बस. सुटले तुमी."

"हो साहेब," मारोतराव म्हणाले.

पुष्पलताने भाकरी केली, बेसनाचं चून केलं. दोघं समोरासमोर बसले. भांडी आवरली नव्हती. डावीकडची रास तशीच होती आणि जेवायला जागा म्हणून त्यांनी उजवीकडची मोकळी फरशी घेतली होती.

"बाबा, उद्या सही करा न मोकळे व्हा. मले पन जा लागते. सासू किती दिस ऐकंन?"

"हो."

"आईनंबी हेच म्हटलं असतं."

"काय म्हटलं असतं?"

"का सही करा म्हनून. घरातलं एक भांडं बाहेर नसतं जाऊ देल्लं तिनं. मी एकडाव वाटी हरवली होती तं तिनं मले नाल्यावर पाहाले धाडलं होतं."

"भेटली होती का?"

"भेटली ना. म्हशीच्या पायाखाली."

मारोतरावांच्या तोंडावर हसू आलं आणि तिथंच थांबलं. त्यांनी ताटात पाणी घेऊन बोटं बुडवली. चून अर्धं राहिलं होतं. मग ते उठले, सदरा घातला, राशीतून गडवा काढला आणि पिशवीत टाकला.

"कुठी चालले?"

"येतो इतवारीतून."

"गडवा काहून घेतला?"

"येतो," ते पुन्हा म्हणाले.

इतवारीतल्या भांडे ओळीत बहुतेक दुकानं बंद व्हायला आली होती. भांड्यांवर नावं घालणारे दादाजी एका दुकानाच्या पायरीवर बसत. दुकान दोनदा विकलं गेलं, पण पायरी दादाजींचीच राहिली. ते हत्यारं फडक्यात गुंडाळत होते. मारोतरावांनी पिशवीतून गडवा काढून पुढे धरला.

दादाजींनी गडवा घेतला, दिव्याकडे फिरवला, गळ्यावरून अंगठा फिरवला, आणि मग मारोतरावांकडे नीट पाहिलं.

"हा तं मी ओळखतो."

"गडवा?"

"हो ना. याच्यावरचं नाव माह्या गुरूच्या हातचं हाय. न बाकी भांड्यावरची नावं माह्या हातची. एक बाई आनत होती हा गडवा. भांडं कोनतंबी घेतलं, वाटी घेतली का डबा घेतला, का हा गडवा पिशवीतून काढाची न पुढं धराची. मी म्हनो, बाई, नाव काय घालू? तं म्हने, याच्यावर हाय तेच." दादाजी हसले. "नवऱ्याचं नाव कसं घेईन? एकडाव गडवा घरी राहिला तिचा. पावशेर तूप मावंन एवढा डबा आनला होता. मी म्हटलं, सांगून दे बाई, येथी कोन ऐकते. नाही म्हने. डबा ठेवून महालातल्या घरापर्यंत पायी गेली न गडवा घेऊन आली. तुमची कोन?"

मारोतराव पायरीवर टेकले. भांड्यांवर नावं येत कशी, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मिलमधून घरी आलं की फळीवर एक नवं भांडं असे आणि त्यावर त्यांचं नाव असे. दुकानदारच घालून देत असेल, असं ते धरून चालले होते. गडवा दिवसभर कुठं गेला होता, हेही कधी त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

दादाजींनी त्यांच्या कोऱ्या कपाळाकडे, सुतकात भादरून पुन्हा खुंट वाढलेल्या दाढीमिशीकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फडकं उलगडलं. छिन्नी आणि लहान हातोडी काढली.

"काय घालाचं?"

"नाव."

"कोनतं?"

मारोतरावांनी ते नाव कधी घेतलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी तिला "अवं" म्हटलं, "पुष्पाची माय" म्हटलं, आणि मेडिकलच्या वॉर्डात नर्सने पेशंटचं नाव विचारलं तेव्हा पुष्पलताने सांगितलं. ते दोनदा खाकरले.

"प्रयागबाई."

"कसं लिहू? सौ. घालू का कै.?"

पलीकडच्या दुकानाचं शटर खाली आलं. मारोतराव तो आवाज थांबेपर्यंत थांबले.

"पुढं काही नको. नुसतं नाव."

"न मागून तुमचं?"

"माहं हाय ना त्याच्यावर."

दादाजींनी गडवा दोन पायांत धरला आणि ठोके द्यायला सुरुवात केली. एक ठोका, एक ठिपका. ठिपक्याला ठिपका लागून रेघ होत होती. काळवंडलेल्या पितळेवर नवी अक्षरं पिवळीधमक दिसत होती. काम झाल्यावर दादाजींनी गडवा धोतराच्या सोग्याने पुसला आणि दिला. मारोतरावांनी खिशात हात घातला, तेव्हा त्यांनी मान हलवली.

"राहू द्या. ती बाई दर दिवाळीले मूंगवड्या आनून देत होती."

सकाळी पुष्पलता पाणी भरायला उठली. गडवा माठात बुडवताना तिच्या बोटांना काही तरी खरबरीत लागलं. ती गडवा घेऊन अंगणाच्या दाराशी गेली. परत आली तेव्हा मारोतराव दात घासत होते.

"बाबा, हे काय केलं? तो ओमप्रकाश घेऊन जाईन ना हा गडवा."

मारोतरावांनी चूळ भरली.

"एवढाच तं आनला होता तिनं पहिला. आपल्याजवळ काय राहीन मंग तिचं?" पुष्पलता म्हणाली.

"तोंड धू, माय. ते लोक येतीन."

तिने तोंड धुतलं नाही. तो गडवा उराशी धरून ती चुलीपुढे बसून राहिली. दारात वामनरावांची हाक आली तेव्हा तिने तो भरला, झाकणीवर ठेवला आणि आत निघून गेली.

माळ्यावर दोन पराती, एक घागर आणि लग्नातलं ताट निघालं. वामनरावांनी चारही भांड्यांवरचं नाव वाचलं आणि ती डावीकडे ठेवली. ओमप्रकाशने तर आज आत डोकावूनही पाहिलं नाही. तो अंगणात पानवाल्याशी सिनेमाच्या गोष्टी करत होता. वामनरावांनी बयानाचा कागद काढला, मांडीवर पाटी घेतली आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "मयत प्रयागबाई हिची कोणतीही चीजवस्तू सदर घरात..."

"साहेब," मारोतराव म्हणाले.

ते उठले. माठावरचा भरलेला गडवा त्यांनी दोन्ही हातांनी आणला आणि वामनरावांच्या उजवीकडे, मोकळ्या फरशीवर ठेवला.

वामनरावांनी आधी पाण्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं प्यायला दिलं. मग त्यांना गळ्यावरची पिवळी अक्षरं दिसली. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"हे काल नव्हतं."

"राहून गेलं होतं, साहेब."

चंपतराव पुढे झुकले. त्यांनी नाव वाचलं आणि ते पुन्हा मागे टेकून बसले.

वामनराव अंगणाकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "मारोतराव, मी हा गडवा काल माह्या हातानं त्या बाजूले ठेवला. आजबी ठेवू शकतो. त्याचं ध्यान नाही. तुमी वकिलाले विचारलं नाही का?"

"विचारलं."

"मंग?"

"त्या बाजूले नका ठेवू."

"अवो, हा गेला का गेला. लिलावात निघंन. कोनी भंगारवाला घेईन न गाळून टाकंन."

"हो."

"एवढ्यानं कर्ज तं फिटत नाही."

"नाही फिटत. मले मालूम हाय."

"मंग काहून?"

मारोतरावांनी डावीकडच्या राशीकडे पाहिलं. पराती, गंज, डबे, वाट्या. "लिहा, साहेब," ते म्हणाले.

वामनरावांनी पेन उचललं. "कोणतीही" हा शब्द खोडला. खोडलेल्या जागी आपली सही केली आणि खाली लिहिलं. लिहून झाल्यावर पंचांना ऐकू जाईल असं वाचून दाखवावं लागतं, म्हणून वाचलं.

"पितळी गडवा, एक. वापरलेला. मालकी मयत प्रयागबाई."

"पुन्हा एकडाव वाचता का?" मारोतराव म्हणाले.

वामनरावांनी पुन्हा वाचलं. आतल्या खोलीत चुलीजवळ काही तरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

ओमप्रकाश आत आला. "बस? एक गडवा? दोन दिवस खोटी करून मी एक गडवा घेऊन जाऊ? शेठजी मले दुकानातून हाकलून देईन." त्याने गडवा उचलला, आत पाणी आहे हे पाहिलं, आणि अंगणात ओतायला वळला. तेव्हा चंपतराव उठले. त्यांनी काही न बोलता गडवा त्याच्या हातून घेतला, पाणी पुन्हा माठात ओतलं, गडवा उपरण्याने कोरडा केला आणि मग त्याला दिला.

सही करायला मारोतराव वाकले. पेन हातात घेऊन ते थांबले.

"साहेब, हा कागद कुठी राहते?"

"कोर्टात. फायलीत."

"किती दिस?"

"बांधून ठेवतात गठ्ठ्यात. कोनी काढत नाही," वामनराव म्हणाले. मग पुढे म्हणाले, "कोनी फाडतबी नाही."

मारोतरावांनी मान हलवली आणि सही केली.

सगळे गेल्यावर पुष्पलता बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते. तिने पदर खोचला आणि राशीतली भांडी उचलून फळीवर लावायला घेतली. उजवीकडच्या फरशीवर गडव्याच्या बुडाचं ओलं वर्तुळ उमटलं होतं. त्यावर पाय पडू नये म्हणून ती वळसा घालून जात होती. एका बाजूने ते वाळायला लागलं होतं.

मारोतराव त्याच्याजवळ बसले होते.